लांजेवारकाकांचे चौसष्ट खण

मला गिटारवर एक रचना वाजवता येते. म्हणजे तिचे शेवटचे चार खण, चार छोटे तुकडे, येतात. सुरुवात कशी होते ते विचारू नका. घरी पाहुणे आले आणि आमच्या ह्यांनी कौतुकानं "हिला गिटार येतं बरं का" म्हटलं, की मी ते चार खण वाजवते. पाहुणे चहाचा कप खाली ठेवून सरसावून बसतात, आणि तोवर माझं संपलेलं असतं. एकदा माझी नणंद म्हणाली, "वहिनी, तारा जुळवून झाल्या असतील तर करा ना सुरू."

माझी ही प्रगती लांजेवारकाकांच्या शिकवणीतली. दोष त्यांचा नाही. ते शेवटून सुरुवात करायचे आणि मी सुरुवातीलाच दमले.

काका म्हणजे माझ्या बाबांचे कारखान्यातले सोबती. दोघंही विदर्भातून एकाच सुमारास भोपाळला आले, बरखेड्याच्या क्वार्टरांत शेजारी-शेजारी राहिले, आणि निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा जवळच्याच कॉलनीत भिंतीला भिंत लावून घरं बांधली. बाबा गेल्यावर मी नवरा-मुलीसकट त्या घरात राहायला आले. त्यामुळे पन्नाशीला टेकले तरी काकांसाठी मी 'पोरी'च होते. काकूंसाठी शुभा, आणि रागावल्या की शुभे.

कारखान्यात काका इन्स्पेक्शनला होते. यंत्राचा भाग घडून तयार झाला की त्यांनी तो तपासायचा, मापायचा, आणि सोबतच्या कार्डावर सही करायची. त्यांची सही झाल्याशिवाय माल हलत नसे. समोरच्या घरातले दुबेजी त्याच कारखान्यात असेंब्लीला होते. ते सांगायचे, "बेटा, ये तुम्हारे लांजेवार साहब, इन्होंने अपनी शादी के मंडप के खंभे भी नापे होंगे." काका शांतपणे म्हणायचे, "एक टेढ़ा था. बताया था मैंने."

एकदा मार्चअखेरीला एक मोठा शाफ्ट तयार होता, न्यायला गाडी येऊन उभी होती, आणि काकांना त्यावर केसासारखी एक रेघ दिसली. बाकी कुणाला दिसेना. सगळ्यांनी समजावलं, हात जोडले, आवाज चढवले. काकांनी सही केली नाही. पंधरा दिवस कँटीनमध्ये त्यांच्या टेबलाशी कुणी बसलं नाही म्हणतात. ती रेघ खरंच तडा होती की नुसता ओरखडा, ते मी पुढे कितीदा विचारलं. "शंका होती ना," एवढंच म्हणायचे.

अशा माणसाच्या हातात गिटार आली ती फाउंड्रीतल्या डॉमिनिक नावाच्या एका सहकाऱ्यामुळे. ते दर रविवारी चर्चमध्ये वाजवायचे. बदली झाली तेव्हा सामान जास्त होत होतं म्हणून एक गिटार आणि स्वरलिपीची दोन पुस्तकं काकांकडे ठेवून गेले आणि परत न्यायला आलेच नाहीत. काकांचा तोवरचा संगीताशी संबंध म्हणजे आरतीच्या वेळी टाळ, तोही मोजून. पण पुस्तक उघडलं तर आत रेघा आणि खुणा. काका म्हणाले, "हे तर ड्रॉइंग आहे. आयुष्यभर ड्रॉइंगच वाचली मी."

त्यांच्या उजव्या हाताची नखं वाढवलेली असत आणि डाव्या हाताची मांसापर्यंत कापलेली, कारण या प्रकारच्या गिटारवर तारा नखांनीच छेडतात. ती नखं ते हार्डवेअरच्या दुकानातल्या सगळ्यात बारीक पॉलिश पेपरनं घासायचे आणि उजेडात धरून बघायचे. मी शिकायला लागले तेव्हा माझेही हात तसेच झाले. महाराणा प्रताप नगरातल्या आमच्या विम्याच्या ऑफिसात दोन दिवस कुजबुज चालली, तिसऱ्या दिवशी साहेबांनीच हळूच विचारलं, "मॅडम, कोई मन्नत मानी है क्या?"

स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधल्या जागेला 'बार' म्हणतात. काकांना तो शब्द चालत नसे. "मी रोज संध्याकाळी पाच वाजता बारमध्ये बसतो असं तुझी काकू नागपूरला फोनवर सांगेल, शोभेल का ते?" म्हणून ते 'खण' म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक स्पॅनिश रचना शिकायला घेतली. वाजवायला साडेतीन मिनिटं लागतात. खण चौसष्ट.

चौसष्टावा खण ते सगळ्यात आधी शिकले. तो पक्का झाल्यावर त्रेसष्टावा, मग दोन्ही जोडून. मग बासष्टावा. मी म्हटलं, "काका, लोक सुरुवातीपासून शिकतात."

"म्हणून लोकांना सुरुवात चांगली येते आणि पुढे पुढे घाबरतात. आपण असं शिकायचं की पुढे जाऊ तसं ओळखीचं लागलं पाहिजे. घराकडे येताना कसं, नाक्यावर आलं की बरं वाटतं, तसं."

दुबेजी फाटकातून ओरडायचे, "लांजेवार साहब, आज भी वही? गाड़ी आगे बढ़ी कि नहीं?"

"बढ़ी है न. पीछे की तरफ़."

एक खण पास होण्याची पद्धत अशी. डाव्या बाजूला पाच शेंगदाणे. ताल धरणाऱ्या यंत्राच्या लंबकाची टकटक सगळ्यात हळू लावायची, इतकी हळू की चूक करायची म्हटली तरी जमू नये. खण एकदा बिनचूक वाजला की एक शेंगदाणा उजवीकडे. पाचही उजवीकडे गेले की टकटक थोडी वाढवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मधे एक जरी सूर घसरला, एक जरी तार खरखरली, की सगळे शेंगदाणे परत डावीकडे. चौथ्या शेंगदाण्यानंतर चूक झाली की मला रडू यायचं. काकांना कधीच काही वाटायचं नाही. "हाताला चूक की बरोबर ते कळत नाही पोरी. त्याला फक्त सवय कळते. घाईत चुकीचं वाजवलं की तो तेच शिकून बसतो."

माझी शिकवणी आठ महिने चालली. ती संपली त्याचं कारण मी कुणाला फारसं सांगत नाही. एकदा काका फोन घ्यायला आत गेले आणि मी ऑफिसातून थेट, उपाशी आलेली. ते परत आले तेव्हा उजवीकडे एक शेंगदाणा होता. डावीकडे काहीच नव्हतं.

"किती झाले होते?" काकांनी विचारलं.

"तीन... बहुतेक."

"बहुतेक?" ते माझ्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत राहिले. मग आतल्या दिशेनं म्हणाले, "विजू, हिला आधी पोहे दे. आणि उद्यापासून नुसती गप्पा मारायला येत जा म्हणावं."

टिकलेला श्रोता एकच, विजूकाकू. पाचला काका बसले की त्या शेजारच्या स्वयंपाकघरात कणीक मळायला घ्यायच्या आणि त्या लंबकाच्या ठोक्यावर पोळ्या लाटायच्या. "आज ह्यांनी स्पीड वाढवली, पोळ्या जाड झाल्या बाप्पा," असं चारचौघांत सांगायच्या. काका कुठे अडकणार ते त्यांना काकांच्या आधी कळायचं. अडकायच्या क्षणभर आधी त्यांचं लाटणं थांबायचं.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एकदा कुणीतरी काकांचा कार्यक्रम ठेवला. काका कोट घालून आले, पाय ठेवायचं छोटं लोखंडी स्टूल घेऊन आले, पाच मिनिटं तारा जुळवल्या. मग वाजवलं. वीसेक सेकंद झाली असतील. उठले, नमस्कार केला आणि खाली आले. सभागृहात कुणाला टाळ्या वाजवायच्या की वाट बघायची ते कळेना. सेक्रेटरी धावत आले, "काका, बाकीचं?"

"बाकीचं अजून वर्कशॉपमध्ये आहे," काका म्हणाले. "पास झालंय तेवढं आणलं."

पहिली टाळी काकूंनी वाजवली. घरी जाताना मात्र रिक्षात म्हणाल्या, "अहो, मला शेवट पाठ झालाय. सुरुवात कशी होते तेवढं तरी एकदा सांगा."

"सांगायची नसते. वाजवायची असते. पूर्ण झाली की पहिली तुलाच. पहिल्या खणापासून शेवटपर्यंत, न थांबता."

हा वायदा निवृत्तीच्या वर्षीचा. त्याला नऊ वर्षं झाली. आमच्या ऑफिससमोर मेट्रोचे खांब उभे राहिले, काकांचा मुलगा बंगळूरला गेला, माझी मुलगी कॉलेजात गेली, आणि काका नवव्या खणापर्यंत पोचले. आता आठच उरले होते. काकूंनी ते कॅलेंडरवर वगैरे लिहिलं नव्हतं, पण मला फाटकात गाठून म्हणाल्या होत्या, "शुभा, यंदा होणार बघ. दिवाळीच्या आत."

पावसाळ्यात काकांच्या उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीवर कप किणकिणायचा तेवढंच. मग बोटं. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे हळूहळू वाढत जातं असंही सांगितलं. मी भेटायला गेले तर काकाच मला हसवत होते. एकच सूर भराभर, थरथरता वाजवण्याचा एक प्रकार असतो. "ते जमायला लोक दहा-दहा वर्षं बोटं घासतात. मला बघ, बसल्या बसल्या आलं."

काकू हसल्या नाहीत. उठून आत गेल्या.

आता नवा खण घेण्याऐवजी त्यांनी जुना माल परत तपासायला काढला. पास झालेल्या प्रत्येक खणावर पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण होती. तो खण पाच शेंगदाण्यांवर पुन्हा लावायचा. नाही टिकला तर खोडरबर घेऊन खूण पुसायची. मधल्या भागातले जलद खण आधी गेले. मग त्यांच्या आजूबाजूचे. हे ते काकूंना सांगत नव्हते. पण काकू रोज संध्याकाळी दिवाणावरची चादर झटकत आणि त्यांना त्यात रबराचा चुरा सापडे. त्यांनी तो एकदा तळहातावर घेऊन मला दाखवला. "आज बराच आहे," म्हणाल्या.

एकदा मी समोर असताना त्यांना राहवलं नाही. "अहो, पुरे ते खोडणं. जसं येतं तसं वाजवा. चुकत वाजवा. मला कुठे काय कळतं त्यातलं?"

"तुला नाही कळणार. मला कळेल ना."

"मग मला ऐकवू नका, तुमच्या त्या कार्डालाच ऐकवा जन्मभर!" एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. काका खोडरबर बोटांत फिरवत होते. बोटं थरथरत असल्यामुळे तो आपोआपच फिरत होता.

काकूंनी मग मला गळ घातली. "तुझं ऐकतात ते. तू बोल." माझं कुणी ऐकत नाही, हे माझ्या घरच्या कुणालाही विचारा. पण मला वाटलं, बोलावं. एका दुपारी काकू दवाखान्यात काकांचा रिपोर्ट आणायला गेल्या होत्या तेव्हा मी जाऊन बसले आणि बरंच काही बोलले. नऊ वर्षं वाट बघतायत त्या, असं. कारखान्याचा माल वेगळा आणि बायको वेगळी, असंही. विम्याच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढल्यावर माणसाला कुणालाही कशासाठीही राजी करता येतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं.

"थांबायचं नाही ना मधे?"

"नाही काका. काहीही झालं तरी थांबायचं नाही."

"ते मला कधी जमलं नाही बघ," ते म्हणाले. "चूक झाली की थांबायचं, एवढंच येतं."

पुढच्या रविवारी, पाच वाजता. काकूंनी कणीक मळली नव्हती. नेसत्या साडीवरच बसणार होत्या, पण आयत्या वेळी आत जाऊन काठाची साडी नेसून आल्या आणि खुर्चीत अंग चोरून बसल्या, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या. मी निघाले तर हात धरून बसवलं. लंबक बंद होता. काकांनी तारा जुळवल्या, पुस्तक स्टँडवर ठेवलं, आणि पहिल्या खणाकडे थोडा वेळ बघत राहिले. हे आठ खण त्यांनी कधी घोटलेच नव्हते.

वाजवायला लागले. पहिले आठ खण ते अक्षर लावून वाचणाऱ्या मुलासारखे वाजवत गेले. नववा आला तेव्हा हात ओळखीच्या जागेत शिरला, पण ती जागाही आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. मधल्या जलद भागात नखं तारांवर घसरली, दोन सूर नुसतेच खडखडले, एक लागलाच नाही. दर चुकीला काकूंचं अंग किंचित पुढे व्हायचं. त्यांना वाटायचं, आता थांबतील. काका थांबत नव्हते. मान खाली घालून चालत होते. शेवटचे चार खण, जे मलाही येतात, ते मात्र त्यांनी फार सुंदर वाजवले. साडेतीन मिनिटांचं ते काम आठ मिनिटं चाललं असेल.

काकू रडत होत्या, आणि हसतही होत्या. "अशी होते होय सुरुवात," म्हणाल्या. "किती साधी आहे हो."

काकांनी गिटार बाजूला ठेवली. स्टँडवरची पेन्सिल उचलली. आणि पहिल्या खणापासून, एकेका खणावर, बरोबरची खूण करत गेले. घसरलेल्या खणावर, खडखडलेल्या खणावर, न लागलेल्या सुरावर. हात हलत असल्यामुळे एकेक खूण करायला वेळ लागत होता. चौसष्टही झाल्यावर शेवटच्या पानाच्या तळाशी, कारखान्यात करत तशी, त्यांनी सही केली आणि खाली तारीख घातली.

काकूंचं हसू गेलं. "अहो, असं काय करता? तो मधला भाग उद्या परत बघा ना. तुम्ही म्हणता तसं, हळू. मी शेंगदाणे भाजून ठेवते."

"नाही विजू. सही झाली. माल गेला."

"कुठे गेला? इथेच तर आहे!"

पुस्तक मिटून काकांनी ते काकूंच्या मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाचला भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लग्नात करवल्या मिरवतात तशी मी दोन दिवस मिरवत होते, की माझ्यामुळे झालं. चौथ्या दिवशी दुबेजी फाटकात उभे राहून विचारू लागले, "बेटा, लांजेवार साहब कहीं बाहर गए हैं क्या?" मी घरात आले आणि मोरीत नळ सोडून उभी राहिले.

काकू आठवड्यानं आल्या. वाटीत लिंबाचं लोणचं होतं. बराच वेळ लोणच्याबद्दलच बोलल्या. मग म्हणाल्या, "मीच मागत होते ना गं. नऊ वर्षं. नसतं मागितलं तर खोडत तरी बसले असते." मी म्हटलं, मीच बोलले त्यांना. "तू काय," त्या म्हणाल्या, "मी पाठवलं म्हणून बोललीस." त्यांनी मला दोष घेऊ दिला नाही. तो त्यांना स्वतःकडेच हवा होता.

काका त्यानंतर चार महिने होते. थंडीत न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत गेले.

मी त्यांना नीट शेवटचं पाहिलं ते त्याच्या पंधराएक दिवस आधी. ऑफिसातून लवकर सुटले होते, पाचच्या सुमारास तिळाची गजक घेऊन गेले. मुलानं मोठा टीव्ही पाठवला होता. तो लावलेला होता आणि आवाज असा की फाटकापर्यंत संवाद ऐकू येत होते. दोघं दिवाणावर शेजारी-शेजारी, गुडघ्यांवर एकच शाल. काकू मला म्हणाल्या, "पाचला घर फार मोठं वाटायला लागतं गं. म्हणून लावते." काकांनी हात हलवून मला बसायला सांगितलं, की तो हात आपला आपणच हलत होता, कळलं नाही. मी बसले. पडद्यावर दागिने घातलेली एक बाई जिन्यात उभी राहून ओक्साबोक्शी रडत होती.

काकांनी थोडा वेळ लक्ष देऊन पाहिलं. मग काकूंकडे वळले.

"ही का रडतेय?"

"मला काय माहीत," काकू म्हणाल्या. "या वेळेला मी तरी कधी टीव्ही बघितलाय?"